वस्तीचे मत आणि गावाची नजर
(तालुक्याच्या गावी बौद्ध कुटुंबांपुढे दिलेले व्याख्यान)



लहान गावात कोणता मनुष्य कोणत्या पक्षाचा हे ओळखण्यास ज्योतिषी लागत नाही. तो कोणाच्या शेतावर राबतो, कोणाच्या दुकानी त्याची उधारी आहे, सोसायटीचे कर्ज कोणाच्या शब्दावर मिळते, एवढे कळले की लोक त्याचे मत मोजून मोकळे होतात. पक्षाचे नाव हे वरचे पांघरूण होय. आत नाते, देणेघेणे आणि जात असते.

राखीव जागेने हा प्रश्न पुरता सुटत नाही, हा आपला जुना अनुभव आहे. १९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेला आणि राखीव जागा आली. पण त्या जागेवर कोण बसणार हे सर्व मतदार मिळून ठरवू लागले. १९५२ साली उत्तर मुंबईत प्रत्यक्ष बाबासाहेबांचा पराभव काँग्रेसच्या काजरोळकरांनी केला, आणि १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीतही बाबासाहेब निवडून आले नाहीत. ज्यांच्यासाठी जागा राखलेली, त्यांचा सर्वांत मोठा पुढारी त्याच जागेवर हरतो, याहून बोलके उदाहरण दुसरे कोणते द्यावे?

आता आपल्या नगरपंचायतीकडे वळू. साधारण १० ते २५ हजार वस्तीचे गाव, आणि प्रभाग १७. बारा हजारांचे गाव धरले तर एका प्रभागात सुमारे ७०० माणसे, आणि त्यांतील मतदार त्याहून कमी. अशा ठिकाणी वीस-पंचवीस मतांनी निकाल फिरतो. म्हणूनच निवडणुकीच्या दिवसांत आपल्या वस्तीला इतके पाहुणे येतात!

मत गुप्त आहे, हे खरे. पण ते व्यक्तीचे गुप्त आहे, वस्तीचे नाही. ज्या केंद्रावर बव्हंशी आपलीच घरे मतदान करतात, त्या केंद्राच्या यंत्रातील आकडा मोजणीच्या वेळी निराळा वाचला जातो. उमेदवारांचे प्रतिनिधी तो कागदावर उतरवून घेतात आणि सायंकाळपर्यंत साऱ्या बाजारात बौद्धवाड्याने कोणाला किती दिले याची चर्चा चालते. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा निरनिराळ्या केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळून मोजता येत असत. यंत्रांतील मते तशीच एकत्र मोजणारे साधन वापरावे, असे निवडणूक आयोगाने २००८ साली सुचविले; विधि आयोगानेही २०१५ साली तीच शिफारस केली. केंद्र सरकारने मात्र २०१८ साली सर्वोच्च न्यायालयात त्यास विरोध दर्शविला.

या एका गोष्टीतून दलाल जन्माला येतो. "वस्तीची गठ्ठा मते माझ्या हाती आहेत," असे तो वाड्यावर जाऊन सांगतो आणि आपले पाकीट घेऊन येतो. वस्तीला मिळते काय? एखादी कमान, एखाद्या रात्रीचे जेवण. आणि पडलेला उमेदवार आपलाच आहे असे निकालानंतर दिसले, तर पाच वर्षे तुंबलेली गटारे. दलालाचे पोट मात्र दोन्ही बाजूंनी भरते. तो आपल्यातलाच असतो, हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

यावर काहींचे म्हणणे असे की, वस्तीने एकजुटीने मत देऊच नये. मते विखुरली म्हणजे कोणी ओळखणार नाही. मला हा उपाय मान्य नाही. भीतीने विखुरलेले मत हेही भीतीचेच मत होय. विहारात उघडी सभा घ्यावी, उमेदवारांना तेथे बोलवावे, नळ, स्मशानभूमीची वाट आणि घरकुलांची यादी यांवर त्यांना सर्वांसमक्ष प्रश्न विचारावेत. प्रश्न भगिनींनीही विचारावेत, कारण पाण्याचा हंडा त्याच वाहतात. मग ज्याने-त्याने पडद्याआड आपल्या बुद्धीने मत द्यावे. घरच्या कर्त्या पुरुषानेही सुनेला बटण दाखवून देऊ नये.

आणि निकालानंतर कोणी सूड उगवला तर? येथे कायदा नीट समजून घ्या. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध अधिनियमानुसार अनुसूचित जातीच्या मतदारास अमुक उमेदवारास मत देण्यास किंवा न देण्यास भाग पाडणे हा गुन्हा आहे. २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आलेल्या सुधारणेने त्यात आणखी भर पडली: मतदानानंतर मारहाण करणे, सामाजिक वा आर्थिक बहिष्कार टाकणे किंवा त्याची धमकी देणे, हक्काच्या सार्वजनिक सेवेपासून अडविणे, हेही गुन्हेच आहेत. तपास पोलीस उपअधीक्षकाहून खालच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही.

नवदीक्षित कुटुंबांना कोणी मुद्दाम सांगतात की, "तुम्ही बौद्ध झालात, आता तो कायदा तुमचा नाही." हे असत्य आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे. जातीचा दाखला मात्र वेळीच काढून ठेवा. ठाण्यात तोच प्रथम मागतील. पाणी तोडले, मजुरी बंद केली, तर तारीख, वेळ आणि ऐकणाऱ्यांची नावे त्याच दिवशी वहीत लिहा, आणि तक्रारीची प्रत मागून घ्या.

आपल्या प्रभागाची मतदार यादी मी सोबत आणली आहे. लग्न होऊन आलेल्या मुलींची आणि नुकतीच १८ वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींची नावे पुष्कळदा तीत नसतात. सभा संपल्यावर प्रत्येक घराने आपली नावे पाहावीत. ज्यांची राहिली असतील त्यांचे अर्ज आज येथेच भरून घेऊ.

जय भीम.