जखम का भरत नाही?

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



हळदीकुंकू, गाणी आणि फराळ यांच्या मध्येच जखमांविषयी बोलायला मला उभे केले, याबद्दल चिटणीसबाईंचे आभार मानावेत की त्यांच्याशी भांडावे, हे मला कळत नाही. परंतु जिने तीस वर्षे वॉर्डात जखमाच धुतल्या, तिने दुसरे काय बोलावे? शिवाय मंडळात आले की कोणी ना कोणी मला बाजूला घेऊन हळूच विचारतेच, "सिस्टर, सासूबाईंच्या पायाची जखम काही भरत नाही. एखादे चांगले मलम सांगा ना." त्या प्रश्नाचे उत्तर एकदा सर्वांसमोर द्यावे, म्हणून मी हे निमंत्रण स्वीकारले.

उत्तर आधीच सांगून टाकते. एकट्या मलमाने भरण्यासारखी ती जखम असती, तर एव्हाना भरली असती. जी जखम महिनाभर रेंगाळते, तिच्यामागे बहुधा एकापेक्षा अधिक कारणे असतात. प्रत्येक कारणाला त्याचा उपाय हवा, आणि ते सारे उपाय एकाच वेळी चालू हवेत. आपली चूल तीन दगडांची. एक दगड काढला की भांडे कलंडते, मग उरलेले दोन कितीही भक्कम असोत!

मलमाचा विषय निघालाच आहे, तर आपल्या सोलापूरच्या अभिमानाची एक गोष्ट सांगते. आपल्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. सुब्रह्मण्यम हे शल्यचिकित्सक होते. भाजलेल्या जखमांवर मध लावून काय होते, याचा त्यांनी पद्धतशीर अभ्यास केला आणि तो १९९१ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वरवर भाजलेले १०४ रुग्ण होते. त्यांतील ५२ जणांना मधाची पट्टी आणि ५२ जणांना त्या काळी सर्रास वापरात असलेल्या चांदीयुक्त औषधाची पट्टी लावली. मधाच्या गटातील ८७ टक्के जखमा पंधरा दिवसांत भरल्या. दुसऱ्या गटातील फक्त १० टक्के. पुढे १९९६ साली त्यांनी असेही मांडले, की मधाला आणखी काही द्रव्यांची जोड दिली तर त्याचा गुण वाढतो. आजीच्या फडताळातला मध सोलापुरातून विलायतेच्या नियतकालिकात जाऊन बसला, याचे कौतुक कोणाला वाटणार नाही?

परंतु भगिनींनो, ऐकलेली गोष्ट अर्धीच घरी नेऊ नका. ते रुग्ण भाजलेले होते. त्यांच्या जखमा ताज्या आणि वरवरच्या होत्या, आणि त्यांच्यावर रुग्णालयात डॉक्टरांची नजर होती. पायाला महिनोन्महिने वाहणारी जखम ही निराळी जात आहे. तिला मध लावला म्हणून तिच्या मागचे कारण जात नाही. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्याच घरात मी ते शिकले, आणि शिकायला फार उशीर केला.

माझ्या थोरल्या जाऊबाईंना घरात सगळे अक्का म्हणतात. त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह. नातवासाठी नवस बोलल्या होत्या, म्हणून कोजागरीला त्या सोलापूरहून तुळजापूरला अनवाणी चालत गेल्या. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरची ती वाट आपल्यापैकी अनेकींच्या पायाखालची आहे. परत आल्या तेव्हा अंगठ्याखाली एक फोड आला होता. त्या म्हणाल्या, "काही दुखत नाही गं, आई बघून घेईल." दुखत नाही, हीच खरी भीतीची गोष्ट होती, हे माझ्यासारख्या परिचारिकेच्याही तेव्हा ध्यानात आले नाही.

फोड फुटला. आठ दिवस हळद-तेल झाले. मग दुकानातून आणलेली मलमाची नळी झाली. मग कोणी सांगितले म्हणून मध. मग पाच दिवस गोळ्या. एक सोडले की दुसरे धरायचे! रोज पट्टी मी बदलत असे, आणि खोटे कशाला बोलू, माझ्या स्वच्छ पट्टीचा मला मोठा अभिमान होता. दोन महिने गेले. जखम तर भरेनाच, उलट शेजारचे बोट काळे पडू लागले. तेव्हा शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पट्टी सोडली, पाय पाहिला आणि मला एकच प्रश्न विचारला, "बाई, पट्टी उत्तम आहे. पण या दिवसभरात चालतात किती?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. पहाटेचे पाणी, देवपूजा, दोन वेळचा स्वयंपाक उभ्याने, दारातली रांगोळी! अक्कांचा पाय दिवसभर त्याच जखमेवर उभा होता. मी सकाळी पट्टी बांधत होते आणि त्या संध्याकाळपर्यंत जखम पुन्हा चिरडत होत्या.

मग त्या डॉक्टरांनी जे केले ते नीट ऐका, कारण आजच्या भाषणाचे सार त्यातच आहे. रक्तातली साखर आटोक्यात आणण्यासाठी इन्शुलिन सुरू केले. पावलावरची नाडी तपासून पायाला रक्त पुरेसे पोचते की नाही ते पाहिले. हाडापर्यंत विकार गेला आहे का, यासाठी एक्स-रे काढला. जखमेतले मेलेले मांस आणि कडेचा घट्टा काढून टाकला. आतल्या जंतूंची तपासणी करून त्यांना लागू पडेल असे औषध दिले. पायाला साचा घालून जखमेवरचा भार काढून घेतला. आणि घरच्यांना सांगितले, की यांना डाळ, दूध, अंडे, शेंगा असे पोषक अन्न द्या; उपास बंद. एक बोट काढावे लागले. त्याच्या हाडात पू झाला होता. परंतु पाऊल वाचले. तीन महिन्यांनी जखम भरली. पट्टी पूर्वीसारखीच साधी होती, पण आता तिच्या जोडीला बाकीचे सारे होते.

मधुमेहात असे का होते? साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. खडा बोचला, चप्पल लागली, तरी कळत नाही. कळत नाही म्हणून माणूस चालतच राहतो. रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की जखमेला रक्त कमी पोचते. मिश्री, तपकीर, तंबाखू यांनी त्या आणखी आकसतात. आणि वाढलेल्या साखरेत शरीराची जंतूंशी लढण्याची ताकद कमी पडते. तीन चोर तीन दारांनी घरात शिरले असताना एकाच दाराला कुलूप लावून काय उपयोग?

पायावरचा भार काढण्याची ही विद्या पुढे आली ती कुष्ठरुग्णांच्या सेवेतून. डॉ. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक १९४६ साली वेल्लोरला आले. कुष्ठरोग्याची बोटे रोगानेच गळून पडतात, असा तेव्हा सर्वांचा समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिले, की पाय बधिर असल्यामुळे रुग्ण जखमेवर चालत राहतो, आणि त्यातून पाऊल झिजते. प्लॅस्टरचा साचा घालून पायाला विश्रांती दिली की त्याच जखमा भरून येत. भरल्यावर पुन्हा होऊ नयेत म्हणून मऊ रबराच्या तळाची पादत्राणे दिली जात. पुढे ब्रँड अमेरिकेत गेले आणि हाच उपाय तेथे मधुमेहाच्या रुग्णांसाठी वापरात आला. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने कुष्ठरोगावर अनेक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली, कारण एकट्या औषधाला जंतू दाद देईनासे झाले होते. तरीही औषधांनी रोग गेला म्हणून बधिर झालेले पाऊल शहाणे होत नाही. त्याला जन्मभर जपावेच लागते.

आता दुसऱ्या जातीची जखम. आपल्या गावात यंत्रमागावर आणि घरातल्या ओट्याशीही तासन् तास उभे राहणाऱ्या बाया काही थोड्या नाहीत. काहींच्या पायांवर निळ्या शिरा फुगतात, संध्याकाळी पाय सुजतो, घोट्याजवळची कातडी काळवंडते, खाजते, आणि बहुधा घोट्याच्या वर आतल्या बाजूला जखम होते. येथे शिरांतल्या झडपा सैल झाल्याने रक्त खालीच साचते. या जखमेचा मुख्य उपाय म्हणजे पावलापासून गुडघ्याखालपर्यंत नीट बांधलेली घट्ट पट्टी आणि बसताना पाय उंच ठेवणे. न्यूझीलंडात अशा ३६८ रुग्णांवर झालेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. काहींना दाबपट्टीखाली मध लावला, काहींना नेहमीची साधी मलमपट्टी. मधाने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. काम करीत होती ती दाबपट्टी!

यातली गंमत पाहा. या जखमेला घट्ट पट्टी आणि थोडे चालणे हितकर. अक्कांच्या जखमेला चालणे म्हणजे विष. आणि ज्या पायाला रक्तच कमी पोचते, त्याला घट्ट पट्टी बांधली तर पाय गमावण्याची पाळी. म्हणून शेजारणीला लागू पडलेला उपाय उचलू नका. आधी डॉक्टरांकडून कारण समजून घ्या. अनेक उपाय एकत्र म्हणजे हळद, चुना, मध आणि मलम यांचा लेप नव्हे!

शेवटी घरी नेण्यासाठी चार गोष्टी. मधुमेह असलेल्या प्रत्येकीने रोज रात्री दोन्ही तळपाय आरशात पाहावेत. दिसत नसेल तर सुनेला, मुलाला पाहायला सांगावे. घरातही चप्पल घालावी, आणि उन्हाळ्यात तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालू नये. घट्टा किंवा कुरूप पात्याने घरी कापू नये. वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यावेत. नायलॉनच्या एका बारीक धाग्याने पायाची जाणीव दोन मिनिटांत कळते. आणि जखम काळी पडली, वास आला, लाली वर चढू लागली किंवा ताप आला, तर उद्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सुनांना एक वेगळे सांगते. सासूबाईंना "तुम्ही बसा" असे म्हणणे सोपे असते. त्या बसायच्या असतील तर त्यांचे काम कोणीतरी उचलले पाहिजे. अक्कांचा पाय भरला त्यात आमच्या घरातल्या मुलांनी भरलेल्या पाण्याचा आणि दिरांनी केलेल्या चहाचाही वाटा होता. तोही उपचारच!

यंदाच्या कोजागरीला अक्का तुळजापूरला गेल्या. एस.टी.ने, पायात मऊ चप्पल घालून. देवळाच्या दाराशी चप्पल काढावी लागली तेव्हा आत मोजे होते. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "आईनं काही विचारलं नाही गं, चालत का आली नाहीस म्हणून." लेक धडधाकट पायांनी पुन्हा पुन्हा दाराशी यावी, याहून आईला दुसरे काय हवे असणार?

 आज रात्री झोपण्यापूर्वी घरातल्या मोठ्या माणसांचे तळपाय तेवढे पाहा, एवढे मागून मी आपली रजा घेते.