ताईमहाराज प्रकरण आणि अपिलाची वाट



पवनेच्या कांठीं थेरगांवांत दोघां भावांचा शेतावरून तंटा लागला, आणि एकानें दुसऱ्यावर खोट्या दस्तऐवजाची फिर्याद केली, असें क्षणभर समजूं या. फौजदारी कोर्टानें आरोपीस निर्दोष सोडलें कीं त्याच्या घरीं पेढे वांटले जातात, आणि जमीन आपली ठरली असें सारे म्हणूं लागतात. जमीन मात्र ठरलेली नसते. हें पुण्यांतील एका खटल्यांत साऱ्या महाराष्ट्रानें पाहिलें आहे.

सरदार बाबामहाराज पंडित १८९७ सालीं वारले. मृत्युपत्रानें ज्यांच्या हातीं व्यवस्था सोंपविली, त्यांत लोकमान्य टिळक होते. बाबामहाराजांच्या पत्नी ताईमहाराज यांनीं जून १९०१ मध्यें औरंगाबादेस जगन्नाथ नांवाचा मुलगा दत्तक घेतला, असें टिळकांचें म्हणणें. त्याच वर्षीं पुढें ताईमहाराजांनीं कोल्हापूरच्या बाळामहाराजांना दत्तक घेतलें. औरंगाबादेस दत्तविधान झालेंच नाहीं, असें त्या म्हणूं लागल्या. वाद इतकाच, कीं तेथें मुलगा विधिपूर्वक दिला-घेतला गेला कीं नाहीं.

या एका प्रश्नापायीं किती कोर्टें झालीं पाहा. १९०३ सालीं मॅजिस्ट्रेटानें टिळकांची साक्ष खोटी ठरवून १८ महिने सक्तमजुरी व १,००० रुपये दंड ठोठावला. सेशन्स कोर्टानें अपिलांत दोष कायम ठेवला, शिक्षा ६ महिन्यांवर आणली. मार्च १९०४ मध्यें मुंबई हायकोर्टानें दोषच रद्द केला; मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स होते. टिळक सुटले, पण खरा दत्तक कोण हें ठरलें नाहीं. तें दिवाणीचें काम. तेथें १९०६ सालीं जगन्नाथाच्या बाजूनें निकाल झाला. १९१० सालीं, टिळक मंडालेच्या तुरुंगांत असतां, हायकोर्टानें तो फिरविला. आणि १९१५ सालीं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनें हायकोर्टाचा निकाल रद्द करून पहिला कायम केला.

ही उलटापालट पाहून न्याय म्हणजे निव्वळ सोडत, असें कोणास वाटेल. मला तसें वाटत नाहीं. फौजदारींत गुन्हा निःसंशय सिद्ध करावा लागतो. दिवाणींत पारडें जिकडे झुकेल तो पक्ष जिंकतो. शिवाय अपिलाच्या न्यायाधीशापुढें साक्षीदाराचा चेहरा नसतो, त्याच्या जबानीचा कागद असतो. याच निकालांत प्रिव्ही कौन्सिलनें सांगितलेली एक गोष्ट वकील आजहि पुढें करतात: साक्षीदार खोटा आहे असें म्हणावयाचें असेल, तर तो पिंजऱ्यांत उभा असतांच त्याला तसें विचारावें. त्याला उत्तराची संधि न देतां मागाहून खोटेपणाचा ठपका ठेवूं नये.

प्रिव्ही कौन्सिलची वाट १९४९ सालीं बंद झाली; शेवटचें दार आतां दिल्लीस, सर्वोच्च न्यायालयाचें. थेरगांवच्या शेतकऱ्याचें पहिलें दिवाणी अपील बहुधा जिल्हा न्यायालयांत जातें, दुसरें मुंबईस हायकोर्टांत. ऑगस्ट २०२५ मध्यें कोल्हापुरास हायकोर्टाचें बसणें सुरू झालें, पण पुणें जिल्हा त्यांत नाहीं. दुसऱ्या अपिलांत, १९७६ च्या दुरुस्तीपासून, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असल्याखेरीज दाद लागत नाहीं. बांध कोठें होता हें तेथें सहसा पुन्हां पाहत नाहींत. तेव्हां मोजणीचा नकाशा आणि साक्षीदार पहिल्याच कोर्टांत हजर हवेत. जिल्हा न्यायालयांतील दिवाणी अपिलाची मुदत ३० दिवस, हायकोर्टांतील ९० दिवस. नक्कल मिळण्यास लागलेले दिवस त्यांतून वगळतात. मात्र नकलेचा अर्ज मुदतीच्या आंत केलेला असावा लागतो.