तिथी पाहून निघावे

सहल ठरवायची म्हटली की आपण कॅलेंडरात तांबडी तारीख शोधतो. खाडीतले जंगल पाहायचे असेल तर त्याच चौकोनातली बारीक अक्षरांतली तिथी आधी वाचावी. कारण हे जंगल दिवसातून दोनदा पाण्यात जाते आणि दोनदा बाहेर येते.

अशा जंगलाचे नाव काढले की लोकांना बंगालचे सुंदरबन आठवते. तिथे वाघ आहे आणि नावही एखाद्या कवीने ठेवल्यासारखे आहे. आमच्याकडे तसल्याच झाडीला खाजण म्हणतात. नावात काव्य नाही, पण रस्ता जवळचा आहे. पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीने पेणला उतरले की धरमतरची खाडी गाठता येते. शेवटपर्यंत बसून राहिलात तर रोह्याची कुंडलिका आहेच. ती पुढे रुंद होत रेवदंड्याला समुद्राला मिळते.

भरतीचा आमच्या किनाऱ्यावरचा ठोकताळा असा : तिथीची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. रोज ती पाऊण तासाने पुढे सरकते. हा हिशेब समुद्रकाठचा. खाडीत आत पाणी पोहोचायला आणखी वेळ लागतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. आमच्या घरात चांदाची तारीख मोजतात, शेजारी तिथी; पण खाडीला दोन्ही एकच. ईद चंद्रदर्शनानंतर येते, म्हणजे द्वितीया-तृतीयेच्या सुमारास. त्यामुळे ईदच्या दुपारी खाडी काठोकाठ भरलेली असते. पेणच्या गणपतींचे विसर्जन अनंत चतुर्दशीला, तेव्हाही उधाणच. बकरी ईदला मात्र पाणी बेताचे.

मग सहलीला कोणता दिवस धरावा? मी द्वादशी-त्रयोदशी सांगेन. भरती सकाळी नऊ-दहाची. आठाला चढत्या पाण्याबरोबर होडी आत घालावी आणि ओहोटी लागली की परतावे. त्याच वेळी चिखल उघडा पडू लागतो आणि खरी गंमत सुरू होते. निवट्या चिखलावर उड्या मारतात. मासा असून पाण्याबाहेर एवढा खूश असलेला प्राणी दुसरा नाही. आगरी-कोळी घरांत त्यांचा रस्सा होतो, हेही सांगायला हवे. एका बाजूची नांगी भलतीच मोठी असलेले खेकडे ती हलवत बसतात. हिवाळ्यात गेलात तर दूर उत्तरेकडून आलेले तुतवार चिखलात चोची खुपसताना दिसतील. शेकाट्या, बगळे, खंड्या तर आहेतच. खेकड्यांच्या लोभाने कोल्हाही या झाडीत येतो, पण तो दिसला तर नशीब.

तिवराचे पान तोडू नका, नुसते बोटाने पुसून बोट जिभेला लावा. खारट लागेल. मुळांनी घेतलेले मीठ झाड पानावाटे बाहेर टाकते. त्याच्या बुंध्याभोवती चिखलातून वर आलेली बोटभर टोके दिसतील, ती श्वास घेणारी मुळे. कांदळाचे बी झाडावरच रुजते. हिरव्या शेंगेसारखे लोंबते आणि पुढे खाली चिखलात पडून उभे राहते. पांढरी चिप्पी तर २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. होडीतून मात्र उतरू नये. चिखल किती खोल ते वरून कळत नाही, आणि कालवांच्या शिंपा पाय कापतात.

आता जरा अवघड भाग. पेणच्या खारेपाटात होडीवाला कधी कधी झाडीकडे बोट दाखवून म्हणतो, "इथं आमचं भात होतं." समुद्राचे पाणी अडवायला शेताबाहेर मातीचा बांध असतो, त्याला बाहेरकाठा म्हणतात. पावसाचे पाणी सोडायला उघाडी असते. उधाणात बांधाला खांड पडली आणि ती वेळेवर बुजवली नाही, की खारे पाणी शेतात शिरते. पाण्याबरोबर बिया येतात आणि काही वर्षांत तिथे तिवरांचे रान उभे राहते. सातबाऱ्यावर शेत, जमिनीवर जंगल. कांदळवनाच्या तोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली बंदी घातली आणि २०१८ च्या निकालाने ती आणखी पक्की केली. बंदी हवीच होती. ही झाडी लाटांचा जोर मोडते, माशांची पिल्ले पोसते. पण ज्याचे शेत गेले त्याला ही झाडे परक्याने येऊन अंगण बळकावल्यासारखी वाटली, तर त्याला निसर्गाचा शत्रू कसे म्हणावे? शेजारच्या अलिबागच्या खारेपाटात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे शेते न पिकवता संप केला होता. त्या मुलखात जमिनीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गट २०१७ पासून कांदळवनाची सफर घडवतो. तसे इकडेही व्हावे, आणि ज्याचे शेत बुडाले त्याचीच होडी त्यात असावी, असे मला वाटते. तोवर आपल्यापुरते करता येण्यासारखे आहे. शहरातून मोठी बोट ठरवून येण्याऐवजी गावातला माणूस गाठा, घासाघीस करू नका, जेवणही त्याच्याच घरचे सांगा.

बाकी सामान थोडके : पाणी, टोपी, दुर्बीण, फिक्या रंगाचे कपडे. आदल्या रात्री होडीवाल्याला फोन करावा. वाऱ्याचा अंदाज त्याला असतो. तो "उद्या नको" म्हणाला, तर पुढच्या पंधरवड्याची द्वादशी बघावी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)