सणाची पोस्त

दिवाळी जवळ आली की पूर्वी घरोघर एक शब्द हटकून ऐकू येई. तो शब्द म्हणजे 'पोस्त'. वर्षभर टपाल आणणारा पोस्टमन, पहाटे दूध घालणारा गवळी, रात्री काठी आपटीत गस्त घालणारा गुरखा, रस्ता झाडणारी बाई अशी सारी मंडळी सणाच्या दिवसांत दारात उभी राहत आणि हात जोडून दिवाळीची पोस्त मागत. यजमान खिशात हात घालीत, गृहिणी फराळाचा पुडा आणून देई आणि देणारा व घेणारा दोघेही संतुष्ट मनाने आपापल्या वाटेला लागत. पोस्टमन मागतो म्हणून तिला पोस्त म्हणतात, असा पुष्कळ मुलांचा समज असे. तो खोडून काढण्याची तसदी वडीलधारी माणसे घेत नसत, कारण त्या शब्दाचे मूळ बहुधा त्यांनाही ठाऊक नसे!

आज हा शब्द मागे पडला आहे. शहरे वाढली, वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, इमारतींना फाटके आली, आणि पोस्त मागणारा माणूस दारापर्यंत पोचेनासा झाला. त्याचे काम मात्र थांबलेले नाही. किंबहुना सणाच्या दिवसांत ते वाढतेच. म्हणूनच सणाचा आनंद आणि रोजची कृतज्ञता यांचा विचार करताना या विस्मृत शब्दापाशी थोडे थांबणे उचित ठरेल.

बेळगाव हे आता लहान गाव राहिलेले नाही. 2011 च्या जनगणनेतच त्याची लोकवस्ती पाच लाखांच्या घरात गेली होती. 2014 च्या नोव्हेंबरपासून सरकारी दप्तरात त्याचे नाव 'बेळगावी' झाले. बोलण्यातले बेळगाव अर्थातच तसेच राहिले. या शहराचा सणांचा हंगाम मोठा लांबलचक असतो. नवरात्राच्या घटांपासून जो आरंभ होतो तो 31 डिसेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत चालतो. दसरा, दिवाळी, तुळशीचे लग्न, नाताळ आणि नवे वर्ष. गणपत गल्ली व खडेबाजार माणसांनी फुलून जातात, मिठाईच्या दुकानांतून कुंद्याच्या डब्यांची चळत लागते, अंगणाअंगणांत मुले मातीचे किल्ले उभारतात. दिवाळीत फराळाचे ताट शेजारी जाते आणि नाताळात त्याच शेजाऱ्याकडून करंज्या, कुलकुले आणि दोदोल यांचे ताट येते. आलेले ताट रिकामे परत पाठवायचे नाही, निदान चिमूटभर साखर तरी त्यात घालायची, ही रीत मराठी घरात आहे तशीच कानडी व कोंकणी घरातही आहे. सीमेच्या वादाने या भूमीत पुष्कळ काही कडू केले. परंतु ताटावरचा रुमाल उचलताना ते कोणत्या भाषेच्या घरातून आले, हे सहसा कोणी विचारीत नाही.

मात्र ताटाची ही देवाणघेवाण बरोबरीच्यांमध्ये चालते. ज्याच्याकडून ताट परत येणार नाही त्याचे काय, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या पूर्वजांनी कृतज्ञतेला पंचांगातच जागा करून दिली होती, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. बैलासाठी बेंदूर आहे. सीमेवरच्या गावांतून तो ज्येष्ठी पौर्णिमेला होतो आणि कोल्हापूरकडचे लोक त्याला 'कर्नाटकी बेंदूर' असे म्हणतात. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत, त्याला पुरणपोळी भरवतात. हत्यारांसाठी खंडेनवमी आहे. वडगाव, खासबाग आणि शहापूर या भागांतल्या विणकरांच्या घरी एरवी मागांचा खडखडाट चाललेला असतो. पण पूजेच्या वेळी माग थांबतात, त्यांना हळदकुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात. लाकडालोखंडालाही एक दिवस विसावा द्यावा, ही कल्पना किती सुसंस्कृत आहे!

आणि म्हशीसाठी पाडवा आहे. ज्यांनी बेळगावचा दिवाळी पाडवा पाहिलेला नाही त्यांना याची कल्पना येणार नाही. बलिप्रतिपदेला गवळी गल्लीतून आणि कॅम्पातून सजविलेल्या म्हशी रस्त्यावर येतात. आदल्या दिवसापासून त्यांची तयारी चाललेली असते. अंग धुऊन, तेल लावून असे तुकतुकीत केलेले असते की, उन्हात ते काळ्या पाषाणासारखे चमकावे. शिंगांना रंग, कपाळाशी मोरपिसे, गळ्यात कवड्यांच्या माळा आणि घुंगरू. मग मालक पुढे धावतो आणि म्हैस त्याच्या हाकेसरशी मागून धावते. हल्ली मालक मोटारसायकलवर असतो आणि तिचा कर्णकर्कश आवाज हा या सोहळ्याचा भाग होऊन बसला आहे. तो नसता तर बरे झाले असते, असे म्हातारे गवळीही म्हणतील. तरीही पाहण्यासारखे असते ते त्या जनावराचे मालकावर खिळलेले लक्ष. एवढ्या गर्दीत, एवढ्या गोंगाटात त्याला आपला माणूस बरोबर कळतो. वर्षभर ज्या म्हशीमुळे मोटारी अडतात, जिला शहराची अडचण समजून लोक नाके मुरडतात, ती त्या दिवशी भर रस्त्यातून मानाने जाते आणि मोटारी तिच्यासाठी थांबतात. दूध आता पुष्कळ घरी पिशवीतून येते. पण त्या पिशवीमागे कुठे तरी एक म्हैस उभी आहे, याची शहराला आठवण करून देणारा हा एक दिवस अजून टिकून आहे.

बैलाला बेंदूर, मागाला खंडेनवमी, म्हशीला पाडवा. माणसाला काय? मे महिन्याचा पहिला दिवस कामगारांचा म्हणून मानला जातो हे खरे. पण त्या दिवशी रस्ता झाडणारी बाई घरी बसली आहे, असे दृश्य कुठल्या शहरात दिसते? माणसाच्या वाट्याला आली ती पोस्त.

शहरातला सण हा किती अनोळखी हातांवर उभा असतो, हे नरक चतुर्दशीच्या पहाटे नळ सुटतो तेव्हा ध्यानात यावे. बेळगावला पाणी येते ते राकसकोपच्या जलाशयातून आणि दूरच्या हिडकलहून. अभ्यंगस्नान सूर्योदयापूर्वी व्हावे हा शास्त्रसंकेत पाळला जातो, कारण पंपघरातला माणूस रात्रभर जागा असतो आणि पाणी सोडणारा कामगार अंधारात चावी घेऊन गल्लीच्या तोंडाशी आलेला असतो. विजेच्या खांबावर चढणारा, रुग्णालयातली रात्रपाळीची परिचारिका, एस.टी.चा चालक, यांना सुट्टीच्या दिवशी सुट्टी नसते. आता त्यांच्यात एका नव्या माणसाची भर पडली आहे. दुचाकीवरून पाठीवर मोठी पेटी घेऊन येणारा आणि दारात खाद्यपदार्थांचा पुडा ठेवून घाईघाईने परत फिरणारा तरुण. त्याचे नाव भ्रमणध्वनीच्या पडद्यावर उमटलेले असते. पण ते वाचतो कोण?

मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र 1922 पासून बेळगावात आहे. त्यामुळे 'सणाला घरी नसलेला मुलगा' ही येथील पंचक्रोशीला नवी गोष्ट नाही. खेड्याखेड्यांतून अशी घरे आहेत की, जिथे भाऊबीजेचे ताट तयार असते आणि भाऊ हिमालयाच्या कुठल्या तरी खिंडीत पहाऱ्यावर असतो. सैनिकाविषयी निदान आदराने बोलले जाते. रस्ता झाडणाऱ्याविषयी तेवढेही नाही.

आणि जे कधी दारातच येत नाहीत त्यांचे काय? बेळगावहून पुण्याच्या रस्त्याला लागले की, सुमारे 75 किलोमीटरवर निपाणी लागते. तंबाखूची ही जुनी पेठ. येथील वखारींतून तंबाखू चाळणाऱ्या आणि घरोघर विड्या वळणाऱ्या स्त्रियांची दिवाळी वेगळ्या हिशेबाने येते. पान भिजवायचे, पत्र्याच्या मापाने कातरायचे, त्यात जर्दा भरून वळायचे, दोऱ्याने बांधायचे. मजुरी हजारावर. सणाला चार पैसे अधिक हवेत, म्हणून सणाआधीच्या रात्री दिव्याखाली सूप मांडीवर घेऊन जागायचे, आणि त्यातल्या काही विड्या 'छाट' म्हणून बाजूला निघाल्या तर त्या कष्टांचे मोल शून्य. घरात करंज्या तळायच्या त्या त्याच हातांनी, ज्यांचा तंबाखूचा वास साबणाने जात नाही. विडी हा पदार्थ प्रकृतीला घातक आहे, तो वर्ज्य करावा, हे खरेच. परंतु ते वळणाऱ्या हातांचे देणे त्यामुळे बुडत नाही.

या स्त्रियांना एके काळी सणाला काही मिळाले तर ते मालकाच्या मर्जीने मिळे. 1980 च्या सुमारास त्या संघटित झाल्या आणि त्यांनी संप केला. बेंगळूरच्या 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपट गटाने त्यांच्या त्या लढ्यावर 'तंबाखू चाकिला ओब आली' हा माहितीपट 1982 साली केला. तो पाहताना एक गोष्ट मनावर ठसते. या बायका दयेची याचना करीत नाहीत, त्या हिशेब मागत आहेत.

पोस्त आणि हिशेब यांतला हा भेद मोठा जुना आहे. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईच्या गिरण्यांनी काही वर्षे कामगारांना लागोपाठ बोनस दिला आणि 1923 मध्ये तो बंद केला. जानेवारी 1924 मध्ये गिरण्यांतून मोठा संप झाला. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाऊड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने निर्णय दिला की, कामगारांचा बोनसवर हक्क पोचत नाही. म्हणजे ती मालकाने दिलेली एक मोठी पोस्तच ठरली! तो दृष्टिकोन बदलायला चार दशके लागली. 1961 मध्ये न्या. मेहेर यांचा बोनस आयोग नेमला गेला आणि 1965 मध्ये बोनसचा कायदा झाला. जे खुशीचे होते ते देणे ठरले. तथापि घरकाम करणारी बाई, इमारतीचा पहारेकरी, भाजीच्या पाट्या वाहणारा हमाल यांच्यापर्यंत हा कायदा पोचलेला नाही. त्यांचा सण अजून देणाऱ्याच्या खुशीवरच आहे.

काही लोक असे म्हणतील की, पगार दिला म्हणजे व्यवहार संपला, कृतज्ञता कशासाठी? उलट दुसरे काही लोक फराळाचा पुडा देतात आणि पगार मात्र पुढच्या महिन्यावर ढकलतात. या दोहोंत दुसरा प्रकार अधिक वाईट. थकलेल्या पगारावर ठेवलेला लाडू गोड लागत नाही. आधी देणे पुरे द्यावे आणि मग त्यावर प्रेमाचे काही ठेवावे. ताटात आधी भात आणि मग तूप, हा क्रम कोणत्याही सुगृहिणीला सांगावा लागत नाही.

डिसेंबर उजाडला की कॅम्पात चांदण्यांचे कंदील लागतात, घराघरांतून गव्हाणीचा देखावा उभा राहतो. 1953 साली बेळगाव हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि आज फातिमा कॅथीड्रलमध्ये नाताळच्या प्रार्थनेला मोठा समुदाय जमतो. गव्हाणीच्या त्या देखाव्यात मेंढपाळांच्या मूर्ती असतातच. शुभवर्तमानात येशूजन्माची पहिली वार्ता कोणाला मिळाली? राजाला नव्हे, पुरोहितालाही नव्हे. रात्री रानात आपल्या कळपाची राखण करीत बसलेल्या मेंढपाळांना. आजच्या भाषेत सांगायचे तर रात्रपाळीवरच्या माणसांना. सीमाभागातल्या माणसाला हे चित्र परके वाटण्याचे कारण नाही. खतासाठी शेतात मेंढरे बसवून थंडीत घोंगडीखाली जागणारा धनगर त्याने पाहिलेला असतो. पण गव्हाणीतल्या मातीच्या मेंढपाळाला जी जागा मिळते, ती रानातल्या जिवंत मेंढपाळाला क्वचितच मिळते.

आठवड्याने वर्ष संपते. 31 डिसेंबरच्या रात्री 'ओल्ड मॅन' जाळण्याची बेळगावची रीत प्रसिद्ध आहे. तरुण मुले कागद व गवताचा म्हातारा तयार करतात, त्याला कोट, टोपी, चष्मा चढवतात, पोटात फटाके भरतात. लहान म्हातारे घरासाठी विकत मिळतात, मोठे चौकाचौकांत उभे राहतात. रात्री बारा वाजता सरले वर्ष भडकन पेट घेते आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. पोरांच्या या आनंदात खोट काढण्याचे कारण नाही. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान अशी सगळी मुले त्यात असतात, हे तर फारच चांगले. पण एक जानेवारीला पहाटे, शहर गाढ झोपेत असताना, त्या चौकात खराट्याचा आवाज येतो. अर्धवट जळलेला कोट, फटाक्यांचे कागद आणि राख एका ढिगाऱ्यात गोळा होतात. ज्या बाईच्या हातात तो खराटा असतो, तिच्या नव्या वर्षाचा आरंभ जुन्या वर्षाची राख भरण्याने होतो. आठ वाजता लोक फिरायला बाहेर पडतात तेव्हा चौक स्वच्छ असतो, आणि तो स्वच्छच असायचा, असे त्यांना वाटते.

पोस्तीची जुनी रीत पुन्हा सुरू करायची म्हटले तर तिच्यात एक सुधारणा अवश्य करावी लागेल. पूर्वी पोस्त मिळे ती पाडव्याला, भाऊबिजेला, म्हणजे सण होऊन गेल्यावर. तोपर्यंत घेणाऱ्याच्या मुलांची दिवाळी नव्या कपड्यांवाचून संपलेली असे. ज्याला ती द्यायची त्यालाही बाजार करायचा असतो, त्याच्याही घरी तेल, रवा, साखर आणायची असते, हे देणाऱ्याच्या लक्षात येत नसे. तेव्हा दिवाळीची पोस्त वसुबारसेच्या आत हाती पडावी आणि नाताळची 20 डिसेंबरच्या आत. फाटकापलीकडच्या माणसाने मागायला यावे अशी वाट पाहू नये, खाली उतरून ती त्याच्याकडे न्यावी. आणि पाकिटावर 'वॉचमन' किंवा 'कामवाली' असे न लिहिता त्या माणसाचे नाव लिहावे. नाव ठाऊक नसेल तर सणाला अजून अवकाश आहे. तेवढ्यात विचारून घेता येईल.