जमीन किती, यापेक्षा पाणी किती?
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आपल्या एका सभासदांचे चिरंजीव अमेरिकेत अभियंता आहेत. शहरातील नोकरी सोडून नेब्रास्का राज्यातील कस्टर कौंटीत थोडी जमीन घ्यावी व तेथेच कायमचे राहावे, असा त्यांचा विचार आहे. "हे शहाणपणाचे आहे काय?" असे त्यांच्या वडिलांनी मला विचारले. त्या निमित्ताने मी जे वाचले व ज्याचा विचार केला, ते आज आपल्यापुढे मांडतो. निवृत्तीनंतर कोठेतरी जमिनीचा तुकडा घेण्याचे स्वप्न आपल्यापैकीही अनेकजण पाहत असतात. तेव्हा विषय सर्वस्वी परका नाही.

कौंटी म्हणजे राज्याखालचा प्रशासकीय विभाग, साधारणतः आपल्या जिल्ह्यासारखा. कस्टर कौंटीचे क्षेत्रफळ सुमारे ६,६७० चौरस किलोमीटर आहे आणि २०२० च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या अवघी १०,५४५! १९२० साली हीच संख्या २६,००० हून अधिक होती. ब्रोकन बो हे तेथील मुख्य गाव. माणसांपेक्षा गुरे कितीतरी अधिक.

ही वस्ती झाली कशी? अध्यक्ष लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी होमस्टेड कायद्यावर सही केली. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीने अथवा कुटुंबप्रमुखाने १६० एकर सरकारी जमिनीवर घर बांधावे, पाच वर्षे तेथे राहून ती कसावी आणि किरकोळ शुल्क भरून मालक व्हावे, अशी ती योजना होती. अविवाहित स्त्रिया व विधवा यांनाही हा हक्क होता. सुमारे १६ लाख लोकांना या कायद्याने जमीन मिळाली. तथापि ही जमीन ओसाड पडलेली नव्हती, हेही सांगितले पाहिजे. लूप नदीचे हे खोरे पॉनी लोकांचे होते. १८७० च्या दशकात त्यांना दक्षिणेकडे, आजच्या ओक्लाहोमात, जावे लागले.

आता १६० एकर या आकड्याकडे पाहू. आयुष्यभर सरकारी कागदांत वावरलेल्या माणसाला असा आकडा पाहिला की प्रथम शंका येते. पूर्वेकडील भरपूर पावसाच्या प्रदेशात १६० एकरांत एक कुटुंब सुखाने राहू शकत असे. पण १०० अंश पश्चिम रेखांशाच्या आसपास पाऊस वीस इंचांवर येतो, आणि ही रेषा कस्टर कौंटीच्या पश्चिम भागातूनच जाते. जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ च्या अहवालात बजावले होते की, कोरड्या प्रदेशात गुरे पाळून जगावयाचे तर एका कुटुंबाला २,५६० एकर हवेत. त्यांचे कोणी ऐकले नाही. उलट नांगर चालला की पाऊस आपोआप येतो, असा समज पसरला होता. १८८० च्या दशकातील काही चांगल्या वर्षांनी तो समज बळावला. १८९० आणि १८९४ च्या अवर्षणांनी तो मोडला. असंख्य कुटुंबे गाड्या जुंपून परत गेली. १९०४ साली पश्चिम नेब्रास्कापुरती मर्यादा ६४० एकर करण्यात आली. वाळूच्या टेकड्यांत तीही अपुरी ठरली. सरकार जमीन देऊ शकते, पाऊस देऊ शकत नाही!

जे टिकले ते कसे राहिले, हे सॉलोमन बुचर यांनी १८८६ पासून काढलेल्या छायाचित्रांत दिसते. लाकूड नाही, म्हणून गवताच्या मुळांनी घट्ट बांधलेल्या मातीच्या ढेपा रचून भिंती उभारल्या. इंधन नाही, म्हणून शेण वाळवून जाळले. गोवऱ्यांचा धूर आपल्याच घरांत होता असे नाही!

आज फुकट जमिनीचा तो कायदा उरलेला नाही. १९७६ साली तो रद्द झाला, अलास्कात १९८६ पर्यंत चालला. आज जमीन विकत घ्यावी लागते. म्हणून त्या तरुणाने चार प्रश्न विचारावेत.

पहिला पाण्याचा. वर्षाचा पाऊस बावीस-तेवीस इंच, म्हणजे आपल्या सोलापूर-अहिल्यानगरइतकाच. जमिनीखाली ओगलाला जलस्तराचा मोठा साठा आहे. पण नदीकाठी पाणी लवकर लागते, तर उंच सपाटीवर पहिल्या वसाहतकारांना शेकडो फूट खणावे लागले. शिवाय भूजलावर स्थानिक नैसर्गिक संपत्ती मंडळांचे नियंत्रण आहे. सातबारा पाहावा तसा सिंचनाचा हक्क आधी पाहावा. दुसरा हवामानाचा. हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंश सेल्सिअसपेक्षाही खाली उतरतो, उन्हाळ्यात गारपीट उभे पीक झोडपते. तिसरा पैशाचा. शाळांचा खर्च बव्हंशी स्थानिक मालमत्ताकरावर चालतो, म्हणून जमीन स्वस्त वाटली तरी तिचा कर दरवर्षी द्यावा लागतो. चौथा अंतराचा. गावात लहान रुग्णालय आहे. परंतु मोठ्या शस्त्रक्रियेसाठी तासाभराहून अधिक प्रवास ठरलेला.

माझे मत असे की, केवळ थोड्या शेतीवर पोट भरावयाचे असेल तर तेथे जाऊ नये. दुसरे निश्चित उत्पन्न असेल, अंगमेहनतीची तयारी असेल, तर जावे. पण आधी एक संपूर्ण हिवाळा भाड्याच्या घरात काढावा आणि मगच खरेदीखतावर सही करावी.

आणखी एक गोष्ट. त्या माळरानावरच्या शाळागृहांत रात्री कंदील लावून वादविवाद, गाणी, वाचन यांच्या सभा भरत. मैलोगणती अंतर तुडवून माणसे येत. शेजारी नसता तर विहीर खणली गेली नसती, बाळंतपण निभावले नसते. ज्या गावात अशी सभा आजही भरते, तेथे परका माणूस रुजतो. आपल्या मंडळाच्या संस्थापकांनी पन्नास वर्षांपूर्वी या परप्रांतात आधी सभा भरविली, वास्तू नंतर उभी राहिली. तो क्रम योग्यच होता, असे मला वाटते.