काळ पुढेच जातो का?

‘काळ बदलला आहे हो, आता पुन्हा तसे दिवस यायचे नाहीत,’ हे वाक्य आपण घरीदारी ऐकतो. समाज पुढेच जाणार, हा विश्वास त्यामागे असतो. या विश्वासाला ग्रंथाचं रूप देणाऱ्या काँदोर्से या फ्रेंच विचारवंताची गोष्ट आज सांगतो.

काँदोर्से फ्रेंच राज्यक्रांतीच्या बाजूचा. पण १७९३ साली नव्या राज्यघटनेवर टीका केली म्हणून त्याच्याच अटकेचा हुकूम निघाला. पॅरिसमधल्या एका घरात लपून त्यानं मानवी मनाच्या प्रगतीचा आराखडा लिहिला. ज्ञान वाढेल तसा अन्याय सरेल, स्त्री-पुरुष समान होतील, गुलामगिरी जाईल, असं त्यात मांडलं. मार्च १७९४ मध्ये तो पकडला गेला आणि तुरुंगातच वारला.

त्याच्या मृत्यूच्या जेमतेम दोन महिने आधी फ्रान्सनं आपल्या वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली होती. म्हणजे त्याचं म्हणणं खरं ठरलं? थांबा. १८०२ साली नेपोलियननं ती पुन्हा आणली. साखरेच्या मळ्यांना फुकटचे मजूर हवे होते. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर लुई देलग्रेसच्या साथीदारांनी लढून प्राण दिले, पण कायदा फिरला तो फिरलाच. तिथली गुलामगिरी कायमची गेली १८४८ साली.

या बेटावरची १७९४ सालची १० वर्षांची एखादी मुलगी डोळ्यांपुढे आणा. त्या वर्षी ती मोकळी झाली, अठराव्या वर्षी पुन्हा गुलाम. दुसऱ्यांदा सुटका झाली तेव्हा, जगली असेल तर, ती ६४ वर्षांची होती. ‘शेवटी प्रगती झालीच ना?’ असं तिला कोणत्या तोंडानं सांगणार?

जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअर म्हणत असे, की इतिहासात वेष बदलतात, माणसाचा हव्यास तोच राहतो. त्याला सगळे निराशावादी म्हणतात. बदल होतच नाही, हे मला पटत नाही. पण हव्यास संपत नाही, हे पटतं. आणि हाच शोपेनहाउअर करुणेला नीतीचा पाया मानत होता, हेही विसरू नये. निराशावाद म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे.

मिळालेला हक्क आपोआप टिकत नाही. तेव्हा ‘आता तसे दिवस यायचे नाहीत’ असं कुणी म्हटलं, तर एवढंच विचारावं: ते येऊ नयेत म्हणून आपण काय करतो आहोत?