लेझमीच्या चौकात

विचुंब्याच्या आमच्या किशोरी गटातली आठवीतली एक मुलगी शाळेत लेझीम शिकते. तिच्या रंगावरून आणि आगरी बोलीवरून वर्गातल्या मुलींनी तिला नाव पाडलं होतं. डब्याला शेजारी कोणी बसत नसे. शाळेने 'पोरींचं भांडण' म्हणून सोडून दिलं. शिक्षण हक्क कायद्याचं (२००९) कलम १७ मुलांच्या मानसिक छळाला मनाई करतं. पण घरी सांगितलं की आईच म्हणते, लक्ष देऊ नकोस! हे 'लक्ष देऊ नकोस' आपण बायकांनी जन्मभर ऐकलंय.

तिला विचारलं, लेझमीत काय वेगळं? म्हणाली, "ताई, तिथं शेजारीण उंचीवरून ठरते."

हलगी सुरू झाली की चौघींनी चौक धरायचा, समोरचीकडे बघून पाऊल टाकायचं. नेमकी चिडवणारीच समोर आली. एकीचा ठेका चुकला की चौघींचा चौक मोडतो. त्यामुळे तिला हिच्याकडे बघावंच लागलं. (आखाड्यातला हा व्यायाम १९८२च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांत गाजला, तरी गावोगावची पथकं बरीच वर्षं पुरुषांचीच!)

नाचाने छळ थांबला, असं मी सांगणार नाही. डब्याला ती अजून एकटीच बसते. पण परवा कोणी चिडवलं, तेव्हा मान खाली न घालता तिने विचारलं, "काय म्हणालीस? परत म्हण."

शाळेला आम्ही लेखी निवेदन दिलंय. उत्तर अजून नाही.